मूळ धरत नाही

मुळशी
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. सौ. अपूर्वा हिस,
आशीर्वाद.

पत्र बघून कपाळाला आठी पडली असेल, ती आधी पूस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी उपयोग नाही, कारण फोनवर माझी जीभ माझ्या आधी पोचते. कागदावर निदान पेन मध्ये थांबतं. पस्तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली आहेत, तेव्हा सासूच्या अक्षराला नावं ठेवू नकोस.

कामाचं लिहिते. परसातले कंद काढून झाले. कोनफळं तीन घमेली निघाली, रताळी पाच, सुरणाचे चार गड्डे, आणि अळकुड्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. आबांनी सासरेपणाच्या ऐटीत पहार धरली, दोन वेल खणले आणि मग कंबर धरली. उरलेलं किशोरनं रविवारी खणलं. आठवडाभर उरवड्याच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहून तुझ्या नवऱ्याची वाकायची सवय गेली आहे. दहा वेळा उठला आणि दहा वेळा पाणी प्यायला.

खड्डा पडवीच्या कोपऱ्यातलाच, तू बघितलेला. तळाला कोरडी वाळू, तिच्यावर चुलीतली राख, मग कंद एकमेकांना न लागता मांडायचे. पुन्हा वाळू, पुन्हा राख, आणि सगळ्यात वर भाताचा पेंढा. थंडीभर त्याला हात लावायचा नाही. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी उघडायचा, कारण उपासाला अख्खी आळी आपल्याकडून रताळी आणि कोनफळं नेते. निम्मी कोनफळं बेण्याला ठेवायची, वैशाखात लावायला. नियम दोनच. कंद धुवायचा नाही, अंगावरची माती हेच त्याचं पांघरूण. आणि पहार लागलेला कंद ठेवायचा नाही, तो त्याच दिवशी शिजवायचा. एक सडला की शेजारचा सडतो, मग खड्डाच्या खड्डा जातो.

यंदा एकेक कंद उजेडात धरून मी स्वतः बघितला. दोनदा बघितला. आबा म्हणाले, "कंदांची डाक्तरीन झालीस का काय?" गेल्या वर्षी माझ्या माहेरच्या कोनफळाचं सगळं बेणं गेलं, ते तुला माहीतच आहे. यंदाचं पीक सारजाबाईकडून मागून आणलेल्या डोक्यांचं, म्हणजे कोंब फुटतो त्या वरच्या तुकड्यांचं आहे. दिसायला बरं आहे, पण चवीला आपलं नाही. असो.

शिवरात्रीला तू महाळुंग्याला तुझ्या आईवडिलांकडे गेलीस, त्याला नऊ महिने झाले. तुझ्या वाट्याची रताळी मी बाजूला काढली होती. किशोरला म्हटलं, सुट्टीच्या दिवशी देऊन ये, तर तो "नको" म्हणाला. का, ते सांगत नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता की नाही?

आबांची तब्येत ठीक आहे. माझी विचारू नकोस, मी कधी आजारी पडत नाही.

आई


मुळशी
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. सौ. अपूर्वा हिस,
आशीर्वाद.

काल संक्रांत झाली. पाकिटात तिळाच्या चार वड्या कागदात गुंडाळून घातल्या आहेत. टपालात त्यांचा भुगा होईल, पण भुगाही गोडच लागतो. "गोड बोला" असं मात्र लिहीत नाही. मी तसं लिहिलं तर तीळसुद्धा हसतील.

पहिल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. त्यात मी कंद सोडून काही लिहिलंच नव्हतं. आज थोडं पुढं जाते.

सव्वा वर्षापूर्वी, दिवाळी सरता सरता, तुझं बाळ गेलं. पाचवा महिना होता. आमच्या रजिस्टरमध्ये त्याला वेगळा शब्द आहे, तो मला इथं लिहायचा नाही. तू विश्रांतीला म्हणून इकडे राहायला आलीस आणि माजघरात लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करत बसायला लागलीस. गावातल्या किती पोरींना मी अशा वेळी जवळ बसवून सांगितलं आहे, बाई, यात तुझा काही दोष नाही, होतं असं. तुला एकदाही सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं, तिला कळतच असेल, असं वाटलं. लोकांच्या लेकीसुनांसाठी माझ्याकडे शब्द होते, घरी आल्यावर मी फक्त "जेवलीस का" एवढं विचारायची.

मग डिसेंबरातली ती दुपार. मी पौडला मीटिंगला गेले होते. परत आले तर पडवीत चादर अंथरलेली, तिच्यावर सगळी रताळी आणि कोनफळं धुऊन, पुसून, ओळीनं मांडलेली, आणि वर पंखा लावलेला. तीन तास नळाखाली बसली होतीस. बोटं पांढरी पडली होती. मला म्हणालीस, "आई, बघा, सगळ्यांना आंघोळ घातली." आणि हसलीस. बाळ गेल्यावर पहिल्यांदा हसलीस.

"अगं, हे काय करून ठेवलंस" हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हटलं, "छान दिसतायत." त्या वर्षात मी केलेली ती एकच शहाणपणाची गोष्ट.

तुझे कंद आठ दिवस सावलीत चांगले खडखडीत सुकवले. मग खड्डा मी माझ्या हातांनी भरला. तू त्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर होतीस. हे लक्षात ठेव, खड्डा मी भरला.

पुढचं लिहायला आज हात चालत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. असो.

वड्या खा.

आई


मुळशी
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अपूर्वा हिस,

काल महाशिवरात्र झाली. परवा खड्डा उघडला. एकही कंद सडलेला नाही. सारजाबाई म्हणाली, "लई ग्वाड निघाली गं रताळी." सगळ्या टोपल्या भरून गेल्या. मी चुलीपुढं जाऊन बसले आणि रडले. आबा डोकावले आणि परत गेले.

गेल्या शिवरात्रीचं आता लिहिते. तू ते विसरली नसशील. मीही विसरलेले नाही, एवढं तुला कळावं.

रंभाबाई, सारजाबाई आणि वरच्या आळीच्या दोघी टोपल्या घेऊन उभ्या होत्या. पेंढा काढला तसा वास आला. मी वाळूत खोल हात घातला, तो मनगटापर्यंत चिखलात गेला. तू माझ्या मागं घमेलं घेऊन उभी होतीस. मी वळून त्या चौघींना म्हणाले, "हिनं धुतले म्हनून सडले. हिच्या हाताला मूळच धरत न्हाई. ना मातीतलं, ना प्वाटातलं."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी एखादीच्या सुनेला असं बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती. तू घमेलं खाली ठेवलंस, हात धुतलेस, बॅग भरलीस. एसटीपर्यंत तुला सोडायला आबा आले होते. ते परत आल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नवव्या दिवशी किशोरनं विचारलं, "आई, मूळ म्हनून कुनाला धाडू? आबांना धाडू का?" आमच्यात सून माहेरी गेली की तिला आणायला घरचं माणूस जातं, त्याला मूळ म्हणतात. सणाला गेलेली असो की रुसून गेलेली, मूळ आल्याशिवाय ती परत येत नाही, आणि तिनं येऊही नये. मी म्हणाले, "ती काय पंचमीला गेलीया व्हय? गेली तशी यील." किशोर उठून कामाला गेला. तो नेहमीच गप्प बसतो, ती माझीच शिकवण.

मला वाटलं, ती शिकलेली मुलगी, तिला हे मूळ-बिळ कशाला लागतंय. हे वाक्य खोटं आहे, पण खोडत नाही. खरं असं की, मूळ पाठवलं म्हणजे चूक आपली होती असं आळीला दिसलं असतं.

आज सकाळी उपास सोडताना किशोरनं सांगितलं. दिवाळीनंतर तुम्ही दोघांनी समजुतीनं कोर्टात कागद दिलेत. शेवटची तारीख वीस मे. चार महिने तो हे मनात घेऊन कामाला जात होता आणि मी त्याला पाणी पितोस किती म्हणून टोचत होते.

अपूर्वा, मला माफ कर. वीस मेच्या आत मी काय करू ते सांग. सांगशील ते करीन. इथं यायचं नसेल तर येऊ नकोस, तुम्ही दोघं तिकडे राहा, मी उंबऱ्यात पाऊल टाकणार नाही. पण सही करू नकोस.

आई


मुळशी
बुधवार, २१ मे २०२५

चि. अपूर्वा,

सौ. लिहिलं होतं, ते खोडलं. काल झालं. किशोर दुपारी घरी आला, बूट काढले, "सही झाली" म्हणाला, आणि परसात जाऊन कोनफळाच्या वेलांसाठी काठ्या रोवत बसला. वेल अजून उगवलेच नाहीत. मी त्याला तसं म्हटलं नाही. थोडी थोडी शिकते आहे.

अकरा तारखेच्या रविवारी मी तुझ्याकडे आले होते, ते तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूनं ते कसं होतं ते लिहिते. सासू कधी मूळ म्हणून जात नाही. मी गेले. एसटीनं चांदणी चौक, तिथून रिक्षा. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "किसके यहाँ जाना है, माँजी?" मी ऐटीत म्हटलं, सुनेकडे. त्यानं वर फोन लावला. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. त्यानं रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात 'गेस्ट' लिहिलं. जन्मभर मी रजिस्टरात दुसऱ्यांना रकान्यात बसवलं, त्या दिवशी माझी पाळी आली.

तुझ्या आईनं, आशालताबाईंनी, पाणी दिलं, चहा टाकला. तू आतून आलीस आणि म्हणालीस, "काकू, बसा." आई नाही, काकू. मी बसले.

माझी पत्रं टीव्हीखालच्या फळीवर होती. पहिलं फोडलेलं, दोन तशीच चिकटलेली. मी बघते आहे हे तुला दिसलं. म्हणालीस, "पहिलं वाचलं, काकू. कंद कसे ठेवायचे ते होतं. मग पुढची उघडवली नाहीत." मला वाटलं होतं की तू माझी माफी वाचून गप्प आहेस. तुझ्यापर्यंत माफी पोचलीच नव्हती. तुला फक्त कंद धुवायचा नाही, एवढंच पुन्हा एकदा पोचलं होतं.

आशालताबाई कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तीन महिने हिची बॅग भरलेली होती. आम्ही रोज म्हणायचो, आज मूळ येईल. आमच्या अंबाजोगाईलाही मूळ येतं, रत्नाबाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाशी मला बोलता येतं.

मग तू गॅलरीतल्या कुंड्यांकडे बोट केलंस. "हे सगळं आईनं लावलंय. मी हात लावत नाही. डॉक्टर म्हणाले की माझ्यात काही दोष नाही, पुढंही काही अडचण नाही. पण मला पटतच नाही, काकू. मी कशालाही हात लावला की आधी तुमचं वाक्य ऐकू येतं. कंद सडलेले मी डोळ्यांनी बघितलेत ना."

आणि मी काय म्हणाले? "रागात बोलले गं, मनावर घेऊ नकोस." एवढंच. अडीच तास प्रवास करून मी हे बोलायला आले होते! चहा संपवला आणि निघाले. खरी गोष्ट घशापर्यंत आली होती, ती चहाबरोबर परत आत गेली.

हे पाकीट तू उघडणार नाहीस. म्हणून इथं ती लिहायला भीती वाटत नाही.

त्या वर्षी सगळ्यात मोठं कोनफळ मी स्वतः खणलं. माझ्या लग्नात आईनं ओटीत नारळाबरोबर कोनफळाचं डोकं घातलं होतं, त्याच वेलाचं ते होतं. असलं ज्याचं त्याला सोन्यासारखं वाटतं, बाकीच्यांना हसू येतं. खणताना माझ्या हातून पहार बसली. दोन बोटं खोल घाव. त्याच दिवशी शिजवायला हवं होतं. पण त्याचं डोकं इतकं सुरेख होतं की बेण्याला तेच हवं असं माझ्या मनानं घेतलं. घावात राख दाबली, वर माती लिंपली आणि कोणाला दिसू नये म्हणून चुलीमागं ठेवलं. तू बाकीचे कंद धुतलेस तेव्हा ते त्यांत नव्हतं. खड्डा भरताना सगळ्यांच्या खाली मी ते ठेवलं, आणि त्याच्या भोवती बेण्याची बाकीची कोनफळं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी हात घातला तेव्हा तळाला तेच हाताला लागलं. पहारेचा घाव बोटांना कळला. सडलं होतं ते खालचं, त्याच्या शेजारचं. वरची रताळी, तू धुतलेली, टणक होती. मला सगळं त्याच क्षणी कळलं. आणि कळल्यावर मी वळले आणि ते वाक्य बोलले. कळायच्या आधी नव्हे, कळल्यावर. तू गेल्यावर चांगली रताळीसुद्धा उकिरड्यावर नेऊन टाकली, कोणी बघायला नको म्हणून.

चौघींपुढं मला एवढं म्हणता आलं नाही की, बायांनो, माझ्या हातून झालं.

गुरुवार, २२ मे

पत्र पाकिटात घालायच्या आधी आबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

म्हणाले, "बोललीस तवा चारचौघीत बोललीस. आन् खरं हाय ते पाकिटात घालतीस? तेबी ती उघडत न्हाई म्हनून?"

मी म्हटलं, "तिला आता सांगून काय उपेग? सही झाली."

"सही किशोरची झाली. तिच्या हाताचं काय?"

हे पत्र टाकत नाही.


पोस्टकार्ड
मुळशी, शुक्रवार, २३ मे २०२५

चि. अपूर्वा,

हे उघडावं लागत नाही, म्हणून कार्ड घेतलं.

कंद तू धुतलेस म्हणून सडले नाहीत. पहार लागलेलं एक कोनफळ मी लपवून तळाला ठेवलं होतं, त्यानं खालचं सगळं सडलं. मला ते तेव्हाच कळलं होतं, तरी मी नाव तुझं घेतलं. तू धुतलेली रताळी चांगली होती. ती मी फेकली.

काल संध्याकाळी त्या चौघींना पडवीत बोलावून हे सांगितलं. रंभाबाई म्हणाली, "पोरीचा संसार घालवलास की गं रत्ना." मी व्हय म्हटलं. आत्ता पोस्टमनला वाचून दाखवलं. तुमच्या फाटकावर कोणी वाचलं तरी वाचू दे.

परत ये म्हणून हे लिहिलेलं नाही. डॉक्टर म्हणतात ते खरं आहे, मी म्हणाले ते खोटं होतं.

रत्नाकाकू